पोटगीतला 'गी'

कोथरूडहून एका वाचकानं विचारलंय: 'पोटगी आणि ॲलिमनी यांत फरक काय? आमचे वकील म्हणतात, केस चालू असताना मिळते ती पोटगी आणि निकालानंतर एकरकमी मिळते ती ॲलिमनी. मग "एकरकमी पोटगी" म्हणणं चूक का? आणि ही रक्कम ठरते कशी?'

चूक मुळीच नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये कलम २४ दावा चालू असतानाचं आणि कलम २५ कायमच्या तरतुदीचं. कलम २५ खाली रक्कम एकदम देता येते, तशी दरमहाही. मराठीत पहिली अंतरिम पोटगी, दुसरी कायमची पोटगी. संपलं.

पण या प्रश्नामागचं दुखणं वेगळं आहे. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर चहा पिताना मी स्वतः ऐकलंय. एक मुलगी वकीलबाईंना म्हणत होती, 'मॅडम, पोटगी नका ना लिहू, कसंतरीच वाटतं. ॲलिमनी लिहा.' म्हणजे हिंजवडीत नोकरी करणारीला ॲलिमनी आणि धुणीभांडी करणारीला पोटगी! अहो, ॲलिमनी तरी कुठून आली? लॅटिनमधल्या 'आलेरे'वरून, म्हणजे खाऊ घालणं, पोसणं. रोमन माणसानंही पोटच म्हटलंय, तुम्हाला ते ऐकू येत नाही इतकंच.

आता खरी गंमत 'गी'ची. पेहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या अवतारात, शब्द होता 'बंदग'. पुढे फारसीत शेवटचा ग झिजला आणि 'बंदा' उरला. पण मागे 'ई' लागली की तो ग पोटात टिकून राहायचा: बंदगी. तसंच जिंदा-जिंदगी, रवाना-रवानगी, परवाना-परवानगी. म्हणजे प्रत्यय नुसता 'ई', ग मूळ शब्दाचा. मराठीनं मात्र सांधा भलत्याच जागी तोडला, 'गी' अख्खा उचलला आणि ज्यांच्या अंगात ग कधी नव्हताच अशा घरच्या शब्दांना चिकटवला. देणं-देणगी. आणि माझ्या मते, पोट-पोटगी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या इराणातला एक झिजलेला ग आज पुण्यात दरमहा पाच तारखेला खात्यात जमा होतो!

आमचे एक निवृत्त प्राध्यापक स्नेही हे मानत नाहीत. त्यांच्या मते हा 'मुलगी'तला गी, अस्सल देशी. ठीक. मग मुलगीला मुलगा आहे, तसा देणगीला देणगा दाखवा. तीन वर्षं झाली, अजून दाखवतायत. दुसरा एक पंथ 'भरणपोषण' लिहा म्हणतो. ते हिंदी कायद्यातून आलेलं पार्सल आहे. आपल्याकडे आधीच अन्नवस्त्र आहे, खावटी आहे. पोट हा शब्द अपुरा वाटतो म्हणावं, तर दत्तक व निर्वाहाच्या १९५६ च्या कायद्यानं निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधपाणी असं सगळं घातलंय. मराठीत 'पोटासाठी' पुण्यात आलेला माणूस तरी नुसता जेवायला थोडाच आलेला असतो?

हां, रक्कम कशी ठरते ते राहिलंच. 'पगाराच्या पंचवीस टक्के' हा कट्ट्यावरचा कायदा. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका निकालात तो आकडा रास्त म्हटला होता, पण ठरलेलं सूत्र असं नाही. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मग दोघांचं राहणीमान, गरजा, शिक्षण, बायको कमावते का, घरासाठी नोकरी सोडली होती का, मुलं कोणाकडे, नवऱ्यावर आणखी कोण अवलंबून, हे पाहून न्यायाधीश आकडा ठरवतात. रक्कम अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आहे. बायको कमावती आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही.

आणि हो, कलम २४ आणि २५ खाली नवराही मागू शकतो. त्यालाही पोटगीच म्हणतात. पोटगा नव्हे, प्राध्यापकसाहेब.