देवाची वेळ आणि थकलेला पगार

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, मी एका खासगी शाळेत सहा वर्षांपासून कंत्राटी शिक्षिका आहे. कायम करण्याचे आश्वासन दर जूनमध्ये मिळते आणि आता तर चार महिन्यांचा पगारही थकला आहे. चर्चच्या मंडळीत मन मोकळे केले, तेव्हा मंडळीचे एक वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) म्हणाले, “धीर धर बेटी, देवाची वेळ आली की सारे होईल.” हल्ली प्रार्थनेला बसले की रागच येतो. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
— एक भगिनी, सदर, नागपूर

उत्तर : प्रिय भगिनी, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. बायबलमधील तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत “कोठवर?” हा प्रश्न चार वेळा येतो, आणि ते गाऱ्हाणे लपवून न ठेवता उपासनेत गाण्यासाठी मुख्य गवयाच्या हाती दिलेले आहे. तुम्ही रागावूनही प्रार्थनेला बसता, हे मला महत्त्वाचे वाटते.

मंडळीच्या त्या वडिलांच्या मनात बहुधा बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय असावा. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत धीर धरतो, असे त्याच्या सातव्या वचनात आहे. मात्र त्याच अध्यायाचे चौथे वचन आपण सहसा वाचत नाही : शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी प्रभूच्या कानी गेली आहे. म्हणजे धीर धरण्यास सांगण्यापूर्वी याकोबाने अन्यायाला अन्याय म्हटले होते.

शेतकऱ्याचा धीर कसा असतो, हे मी आजोळी, काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत पाहिले. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, आणि परक्याला वाटावे की बाग वाऱ्यावर सोडली आहे. मामा मात्र त्याच दिवसांत बागेत सर्वांत जास्त वेळ असत. माती उकरून ओल पाहत, सल (वाळलेल्या फांद्या) काढत, एकेका झाडापाशी थांबत, कारण भारी जमिनीला चालणारा ताण हलक्या जमिनीत दिला तर झाड हातचे जाते. पाणी सोडल्यावर फुलोरा येतो आणि तिथून तोडणीला आठ-नऊ महिने लागतात; त्यात मामांचे काही चालत नसे. (देवाने ताण म्हणून तुमचा पगार थांबवला, असे मात्र मी कदापि म्हणणार नाही. तो संस्थेने थांबवला आहे.)

आपल्याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्या एकीकरणाची बोलणी १९२९ पासून चालली होती. त्या ४१ वर्षांत मसुदे लिहिले गेले, मतभेद झाले, पुन्हा बैठका झाल्या. नुसते थांबून ते घडले नाही.

दुसऱ्या शाळेत अर्ज करणे हा उतावीळपणा ठरेल, अशी शंका तुम्हाला येऊ शकते. बायबलमधला अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून हारान गावातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि देवाने वचन दिलेला मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या काळात त्याची पत्नी साराय आणि त्याने घाई करून हागार या दासीपासून मूल मिळवले, त्या घाईची किंमत हागारेला मोजावी लागली. आपली वाट लवकर सरावी म्हणून दुसऱ्याला खर्ची घालणे, ही मला उतावीळपणाची खूण वाटते. दुसऱ्या शाळेत अर्ज करताना तुम्ही कोणालाही खर्ची घालत नाही.

कायम नेमणूक केव्हा आणि कुठे मिळेल, हे तुमच्या हाती नाही. तेवढे देवाच्या स्वाधीन करा. पगार मात्र तुमच्या झालेल्या कामाचा आहे, तो मागण्यासाठी कोणत्याही वेळेची वाट पाहावी लागत नाही. महिन्यांचा हिशेब लिहून व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि अर्ज द्यायला जाताना त्या वडिलांनाच सोबत येण्याची विनंती करा.