पिसाला पिल्लं होतात का?

प्रश्न : सर, आमचं शेत नायगावच्या मयूर अभयारण्याला लागूनच आहे त्यामुळं मोरपिसं सापडतातच. पोरगी चौथीत आहे, तिनं एक वहीत ठेवलंय अन् रोज त्याला पेन्सिलीचा भुगा घालायलीय, म्हणते पिल्लं होणार. काय सांगू तिला? अन् पीस घरात ठेवलं म्हणून फॉरेस्टवाले केस करतात का?
(एक आई, ता. पाटोदा, जि. बीड)

उत्तर : ताई, पिल्लांची वाट आम्ही पण बघितलीय, खडूचा भुगा घालून. पण पीस म्हणजे आपल्या नखासारखी मेलेली वस्तू, केराटिन नावाच्या प्रोटीनची. उगवत असतं तवर बुडात रक्त फिरतं, वाढ झाली की ते बंद आणि खाली निस्ती पोकळ नळी राहते.

पोरीला त्यापेक्षा भारी गंमत दाखवा. कावळ्याचं नाहीतर होल्याचं पंखातलं पीस घ्या. मधे दांडा, दोन्हीकडं बारीक काड्या, प्रत्येक काडीला आणखी बारीक फांद्या अन् त्यातल्या टोकाकडच्या फांद्यांना आकडे, जे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, ते शेजारच्या काडीच्या फांद्यांत अडकतात, अगदी जॅकेटच्या चेनसारखे. म्हणून पीस मधेच फाकवलं तर फट पडते अन् दोन बोटांत धरून बुडाकडून टोकाकडं ओढलं की परत बंद. पक्षी चोचीनं पिसं साफ करत बसतो तेव्हा हेच चाललेलं असतं. अजून एक बघा, दांड्याच्या एका बाजूची पट्टी अरुंद अन् दुसरी रुंद असते, अरुंद बाजू उडताना वाऱ्याकडं, त्यावरनं पीस डाव्या पंखाचं की उजव्या ते कळतं.

मोरपिसाची झालर मात्र सुटीच असते, तिथं ही चेन लागत नाही. तसं तो पिसारा म्हणजे शेपूट पण नाही, शेपटीच्या वर उगवणारी पिसं आहेत ती, खरी शेपूट मागं आखूड अन् तपकिरी, पिसारा उभा केला की तिचा टेकू लागतो. अन् त्यात निळा रंगच नसतो! पिसाच्या आत मेलॅनिनच्या (आपले केस काळे करणारं रंगद्रव्य) अतिबारीक कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात, त्यावरनं उजेड असा परततो की आपल्याला निळा-हिरवा दिसतो. खोटं वाटत असेल तर पीस उन्हासमोर धरून आरपार बघा, तपकिरी दिसंल.

केसचं म्हणाल तर आपोआप गळालेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही. मोराला मारणं, पकडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, अन् उपटलेलं पीस बुडाला लागलेल्या रक्तावरनं ओळखू येतं.

प्रश्न : दसऱ्यापासनं गावरान कोंबडीची पिसं गळायलीत, मान उघडी पडली, अंडी पण बंद. रोग आहे का?
(परभणी)

उत्तर : खात-पीत असेल अन् चलाख असेल तर घाबरू नका, पिसं बदलायलीय. दिवस लहान होत गेले की हे होतं, अन् नवी पिसं करायला एवढं प्रोटीन लागतं की अंड्याला उरतच नाही. शेंगदाण्याची पेंड वगैरे चारा. मानेवर निळसर खुंटं दिसतील ती उपटू नका, त्यात रक्त असतं. फक्त रात्री टॉर्च लावून गोचीड-पिसवा आहेत का तेवढं बघा.

जाता जाता, कोंबडी सोलताना पिसांचे प्रकार आयतेच हाताला लागतात : पंखाची ताठ, अंगावरची बुडाशी मऊ असलेली, त्याखाली ऊब धरणारा कापूस. अन् सगळं काढून झाल्यावर जे केसासारखे तंतू उरतात, जे आपण जाळावर भाजून काढतो, ती पण पिसंच! आजूबाजूची पिसं जागेवर आहेत का, हे पक्ष्याला त्यांच्यावरनं समजतं.

प्रश्न : उन्हाळ्यात सकाळी तळ्यावर भट तित्तर येतात, त्यातला नर पाण्यात पोट घासत बसतो. अंघोळ करतो का?
(ता. भूम, जि. धाराशिव)

उत्तर : पाणी भरायला येतो. त्याच्या पोटावरच्या पिसांच्या बारीक फांद्या कोरड्या असताना स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात, भिजल्या की उलगडतात अन् पाणी धरून ठेवतात. आफ्रिकेतल्या नामाक्वा जातीचा नर जवळपास 25 मिलि नेतो, म्हणजे पाच चमचे धरा. माळावर पिल्लं वाट बघत असतात, बाप आला की पोटाखाली घुसायचं, पिसं चोचीत धरायची अन् पाणी ओढायचं. मादीच्या पिसांत एवढं मुरत नाही त्यामुळं ही ड्युटी बापाचीच.