कळव्याला कल्याणचे खासदार का, आणि महापालिकेचे प्रभाग कोण पाडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर कळव्याजवळच्या विटाव्यात, मालमत्ता कर ठाणे महापालिकेला, आमदार मुंब्रा-कळव्याचे आणि खासदार मात्र कल्याणचे. त्याच रस्त्याने पुढे दिघ्याला राहणाऱ्या बहिणीची महापालिका नवी मुंबईची, पण तिचे खासदार ठाण्याचे. त्यात जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत तुमच्या इमारतीची अर्धी नावं शेजारच्या प्रभागात निघाली. या रेषा मारतं कोण, आणि हरकत घेऊन काही होतं का?

तुमच्या प्रश्नावर बऱ्याच जणांनी "सगळं राजकारण आहे" म्हणून हात झटकले आहेत. राजकारण आहेच, पण तुमच्या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि तिन्हींचे मालक वेगळे आहेत. लोकसभा-विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. प्रभागांच्या सीमा महापालिका आखते आणि राज्य निवडणूक आयोग मंजूर करतो. मतदार यादी फोडण्याचं काम तिसरंच. कुठल्या दारावर थाप मारायची हे कळलं नाही तर अर्ज फिरतच राहतो.

आधी खासदारकी. आजचे मतदारसंघ 2002 च्या कायद्याखाली नेमलेल्या, न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने आखले. 2008 मध्ये ते लागू झाले आणि 2009 ची लोकसभा त्यांवर लढली गेली. त्याआधी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजचा पालघर धरून, विधानसभेच्या जागा होत्या 13. नव्या रचनेत झाल्या 24. लोकांना ही कुणाची तरी मेहरबानी वाटते. गंमत म्हणजे हा साधा भागाकार आहे. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्र साधारण 5 कोटी 4 लाखांचा, आमदार 288, म्हणजे एका आमदारामागे 1 लाख 75 हजार माणसं. ठाणे जिल्हा तेव्हा 22 लाख 81 हजारांचा. भागून बघा, 13 येतात. 2001 ला राज्य 9 कोटी 68 लाखांवर गेलं, सरासरी झाली 3 लाख 36 हजार. जिल्हा 81 लाख 31 हजार. भागाकार 24. राज्याच्या जागा तेवढ्याच राहिल्या, त्यामुळे आपल्याकडे आलेल्या जागा कुठून तरी कमी झाल्याच. मुंबई शहराच्या 17 च्या 10 झाल्या, उपनगराच्या 17 च्या 26. माणसं जिथे राहायला गेली, तिथे आमदार गेले.

आता कळव्याचं कोडं. कायद्यात मतदारसंघ सलग आणि आटोपशीर असावा, डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी असं म्हटलंय. शिवाय एक विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत विभागता येत नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 जागा, म्हणजे एका खासदाराखाली सहा आमदार. आपल्या जिल्ह्यात 24 जागा असल्याने बरोबर चार लोकसभा बसल्या: पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे. ठाण्यात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. झाले सहा. मुंब्रा-कळवा सातवा ठरला असता. त्याला आत घ्यायचं तर कुणाला तरी बाहेर काढावं लागलं असतं. मीरा-भाईंदर काढून पालघरला जोडलं, तर तिथले डहाणू ते वसई असे सहा आधीच भरलेले. ऐरोली किंवा बेलापूर कल्याणला जोडलं, तर नवी मुंबई दोन खासदारांत वाटली जाते. मुंब्र्याची वस्ती पलीकडून दिव्याला आणि डोंबिवलीला लागूनच आहे. म्हणून 149 क्रमांकाचा मुंब्रा-कळवा हा मतदारसंघ अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली आणि कल्याण ग्रामीण यांच्या पंगतीला बसला. आयोगाच्या मनात नेमकं काय होतं ते आयोग जाणे, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर याहून फार वेगळी मांडणी हाती लागत नाही, असं माझं मत.

याचा परिणाम मात्र विचित्र झाला. ठाणे स्टेशनातून ऐरोलीला रस्त्याने निघालात की कळवा पूल ओलांडल्यावर कल्याण लोकसभा लागते आणि दिघ्यात पुन्हा ठाणे लोकसभेत शिरता. हे टाळायचं म्हणून मुलुंडमार्गे ऐरोली पुलावर गेलात, तर मध्ये ईशान्य मुंबईचा मतदारसंघ आडवा येतो. मतदारसंघ सलग म्हणायचा तो मध्ये खाडीचं पाणी धरून. हद्दी बदलल्या तशी माणसंही हलली: 2008 च्या पोटनिवडणुकीत जुन्या ठाणे मतदारसंघातून निवडून आलेले आनंद परांजपे पुढच्याच वर्षी कल्याणमधून लोकसभेत गेले.

महापालिकेची हद्द आणि मतदारसंघाची हद्द जुळलीच पाहिजे असा नियम नाही. दिवा ठाणे महापालिकेत, पण आमदार कल्याण ग्रामीणचे. मीरा-भाईंदर महापालिकेचा काही भाग ओवळा-माजिवड्यात. दहिसर-पिंपरीकडची (मुंबईचं दहिसर नव्हे) चौदा गावं नवी मुंबई महापालिकेतून बाहेर पडली, पुन्हा आत आली, तरी विधानसभेला ती कल्याण ग्रामीणच राहिली. खारघर-कामोठ्याचे लोक पत्ता नवी मुंबई लिहितात, मत मात्र पनवेल विधानसभेत आणि मावळ लोकसभेत देतात. त्यांचा खासदार पिंपरी-चिंचवडच्या मतांवरही निवडून येतो. तुमचं दुखणं एकट्याचं नाही.

यात आज बदल मागता येईल का? लोकसभा-विधानसभेपुरतं उत्तर: अर्ज करून काही हाती लागणार नाही. 1976 च्या घटनादुरुस्तीने जागांचं वाटप गोठवलं, 2001 च्या 84व्या दुरुस्तीने ते 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. 2008 ला राज्यांच्या जागा न बदलता फक्त आतल्या रेषा हलवल्या गेल्या. कोर्टाचं दारही अरुंद आहे: घटनेचं कलम 329 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 1966 चा मेघराज कोठारी निकाल यांमुळे आयोगाचा आदेश कायद्यासारखाच पक्का समजला जातो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानी असेल तर तपासता येईल एवढी फट ठेवली आहे. "माझे खासदार लांबचे आहेत" हे त्या फटीतून जाणार नाही. तरी एक आकडा लक्षात ठेवा. 2011 ला जुना अखंड ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांवर गेला होता. तोच भागाकार केला तर 28 जागा येतात आणि मिळतात 24. घोडबंदर रोडचे टॉवर, दिव्याच्या चाळी, यातलं बरंचसं 2001 च्या मोजणीत नव्हतंच.

आता महापालिका. इथे तुमच्या हरकतीला किंमत आहे. ठाण्याचे नगरसेवक 131 आणि नवी मुंबईचे 111, हे आकडेही कायद्याच्या तक्त्यातून येतात. लोकसंख्या 12 लाखांच्या वर असेल तर पहिल्या 12 लाखांना 115 आणि पुढच्या दर 40 हजारांना एक. ठाण्याची 2011 ची लोकसंख्या 18,41,488, म्हणजे वरचे 6 लाख 41 हजार, त्याचे 16. बेरीज 131. नवी मुंबई 12 लाखांच्या आत, म्हणून तिथे 6 लाखांना 85 आणि पुढे दर 20 हजारांना एक. 11 लाख 20 हजारांचे झाले 111. किती सदस्यांचा प्रभाग करायचा हे मात्र त्या त्या सरकारच्या लहरीवर. 2002 ला तीनचे, 2007 ला एकेकाचे, 2012 ला दोनचे, 2017 ला चारचे. 2022 ला तीनचे करून ठाण्यात 142 नगरसेवकांचा आराखडा निघाला, मग सरकार बदललं आणि गाडी परत 131 वर आली. खरं राजकारण इथे आहे. मोठ्या प्रभागात पक्षाचं चिन्ह चालतं, एकट्या माणसाचं काम दिसत नाही. मला व्यक्तिशः एक सदस्य-एक प्रभाग हीच पद्धत बरी वाटते, पण ते असो.

ठाण्यात चार सदस्यांचे 32 प्रभाग आणि तीनचा एक. एका नगरसेवकामागे सरासरी 14,057 माणसं, म्हणजे चारच्या प्रभागाला 56,229. त्याच्या 10 टक्के खाली-वर चालतं: 50,606 ते 61,851. ही पट्टी पाठच करा. आखणी उत्तरेकडून सुरू होते आणि नागमोडी वळणाने दक्षिणेला संपते. आखणीची वीट म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेला भाग, साधारण सहाशे-सातशे वस्तीचा. गट सहसा फोडत नाहीत. नाला, रेल्वे, मोठा रस्ता यांवर हद्द यावी, इमारत किंवा चाळ मधून कापू नये, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो तुटू नयेत, अशा सूचना असतात.

प्रारूप आराखडा जाहीर झाला की नकाशे पाचपाखाडीच्या महापालिका भवनात आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात लागतात. तिथे गर्दी नकाशापुढे असते. तुम्ही नकाशा सोडून बाजूचं परिशिष्ट वाचा. त्यात प्रत्येक प्रभागाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या आणि उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम हद्दीचं शब्दांत वर्णन असतं: अमुक नाल्यापासून तमुक रस्त्याच्या मध्यापर्यंत. नकाशा पुसट असतो, पण वर्णनातली चूक दाखवता येते.

हरकती बहुतेक पडतात त्या हिशोबावर. समजा तुमचा प्रभाग 52,300 चा आहे आणि नाल्यापलीकडचे तीन गट, मिळून 2,100 माणसं, शेजारच्या प्रभागात घाला अशी तुमची मागणी आहे. उरले 50,200. खालची मर्यादा 50,606. मागणी कितीही रास्त असली तरी सुनावणीत दोन मिनिटांत निकाल लागतो. हीच हरकत अशी लिहा: हे तीन गट तिकडे द्या आणि हमरस्त्याच्या अलीकडचा 700 चा एक गट इकडे घ्या, त्यामुळे दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात आणि हद्द नाल्यावर आणि रस्त्यावर येते. आता ती नाकारायची तर अधिकाऱ्याला कारण शोधावं लागतं. प्रगणक गटांचे क्रमांक द्या, आधी-नंतरची लोकसंख्या द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जा. "आमचा नगरसेवक चांगला आहे, आम्हाला त्याच्यापासून तोडू नका" असं चुकूनही लिहू नका. पन्नास जणांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्स दिल्या तरी त्यांचं वजन एकाच अर्जाइतकं असतं.

तुमच्या इमारतीचं दुखणं मात्र वेगळं दिसतंय. एकाच इमारतीची निम्मी नावं दोन प्रभागांत गेली, तर बहुधा हद्द ठीक आहे आणि यादी चुकली आहे. महापालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन तिचे भाग प्रभागवार फोडतात. भागाची सीमा आणि प्रभागाची सीमा जुळत नाही, तिथे कर्मचारी पत्ता वाचून नावं वाटतात. पत्त्यात नुसतं "विटावा, कळवा" असेल तर तो तरी काय करणार? म्हणून प्रारूप यादी लागते त्या मोजक्या दिवसांत इमारतीतल्या सगळ्यांची नावं एकदा तपासा आणि चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांची हरकत भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून द्या. त्या टप्प्यावर प्रभाग दुरुस्त होतो, नाव नव्याने घालता किंवा वगळता येत नाही; त्यासाठी विधानसभेच्या यादीतच अर्ज करावा लागतो, आणि त्याला निवडणूक लागायची वाट बघायची गरज नाही. अर्धवट पत्ते आत्ताच दुरुस्त करायला टाका: इमारतीचं पूर्ण नाव, विंग आणि जवळचा रस्ता. पुढच्या वेळी यादी फोडणाऱ्याला तेवढंच दिसणार आहे.