मालवणला उतरशील तेव्हा

मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीनं निघालायस, तर मालवणचा दिवस घाईत घालवू नकोस. आत शिरताना मात्र माहीतगार नावाडी सोबत घे, तिथं पाण्याखाली खडकच खडक आहेत. नांगर टाकल्यावर अर्धा तास बोटीवरच थांब. किनाऱ्यावरचा माड आणि मागचं एखादं छप्पर एका रेषेत धर. रेष मोडली तर नांगर सरकतोय. उतरल्यावर छोटी होडी भरतीच्या खुणेच्या वर ओढून ठेव. मी एकदा आळस केला आणि चपला हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यात तिच्यामागे धडपडलो.

जमिनीवर पहिला तासभर पायाखालची फरशी डुलेल. घाबरू नकोस, बसून सोलकढी पी. समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच बघ. तिथल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना भर समुद्रात गोडं पाणी आहे. दुपारी खारा वारा वाढला की परतताना भिजशीलच, एक कोरडा सदरा पिशवीत असू दे. बाजारातून लिंबं आणि गुळाचा खाजा घे. (दोन पुडे घे, एक बोटीपर्यंत पोचत नाही.) मासळीचा लिलाव लांबूनच बघ, बोलीच्या भानगडीत पडू नकोस. आणि अंधाराच्या आत बोटीवर ये.