मेकॅनिकल इंजिनिअरला खडक यांत्रिकीत प्राध्यापक होता येतं का?

बी.ई. मेकॅनिकल आणि पीएच.डी. खडकांवर, हे जमेल का, असा प्रश्न आहे. जमतं. खडक यांत्रिकी म्हणजे दाबाखाली खडक कसा वागतो, कसा तुटतो याचं शास्त्र. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव, एव्हर्ट होक, मूळचे मेकॅनिकलवालेच.

1958 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या अतिखोल सोन्याच्या खाणींत दाबामुळे खडक अचानक फुटत. तो ठिसूळ खडक नेमका कसा तुटतो, या प्रश्नातून ते या क्षेत्रात आले. डॉक्टरेट केपटाऊन विद्यापीठाची. 1966 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले आणि खडक यांत्रिकीचं केंद्र उभं केलं. 1975 ला प्राध्यापकी सोडून कॅनडात सल्लागार झाले, 1987 ला टोरांटो विद्यापीठात परत प्राध्यापक, आणि 1993 ला पुन्हा सल्लागार. आपल्याकडे याला धरसोड म्हणतील! पण या विषयात साइट पाहिल्याशिवाय संशोधनाला धार येत नाही.

त्यांचा आणि सहसंशोधक ब्राऊन यांचा, खडक किती दाबाला तुटेल हे ठरवणारा 1980 चा निकषच बघा. प्रयोगशाळेत खडकाचा अखंड दंडगोल रबरी नळीत घालतात, भोवती तेलाचा दाब देतात आणि वरून तुटेपर्यंत दाबतात. त्यातून खडकाची ताकद कळते, डोंगराची नाही. डोंगराला भेगा असतात. त्या भेगांचा हिशेब धरून ताकद कशी काढायची, ते हा निकष सांगतो.

तुमचं घन यांत्रिकी (सॉलिड मेकॅनिक्स) पक्कं असेलच. भूशास्त्र मात्र नीट शिका, नकाशा हातात घेऊन.