डेकवरचं ग्रिल, दोन कुत्री आणि विम्यातलं भोक

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात पोलॉक पाइन्सला राहतो, दोघांचीही नोकरी फॉल्समला. २०२१ च्या कॅल्डर वणव्यात घर सोडून निघावं लागलं होतं, पण घर वाचलं. गेल्या वर्षी कंपनीने आमच्या विम्याचं नूतनीकरण नाकारलं. आता फेअर प्लॅन आहे आणि त्याच्या जोडीला डीआयसी (डिफरन्स इन कंडिशन्स, म्हणजे फेअर प्लॅनमध्ये नसलेल्या गोष्टींसाठीची) पॉलिसी, तिचे वर्षाला १,३५० डॉलर. घरात शेल्टरमधून आणलेली दोन कुत्री आहेत. त्यातला जर्मन शेफर्डच्या मिश्र जातीचा एकदा पार्सलवाल्याच्या अंगावर धावून गेला होता, चावला मात्र नाही. मे महिन्यात सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. त्याआधी डेकवर लाकडी पर्गोला (खांबांवरचा उघड्या पट्ट्यांचा मांडव) आणि त्याखाली पक्कं गॅस ग्रिल, ओटा, सिंक असं करून घ्यायचं आहे. खर्च ३८,००० डॉलर, हेलॉकवर (घर तारण ठेवून लागेल तसे पैसे काढता येतात ते कर्ज), ८.५ टक्क्यांनी. नवरा म्हणतो, डीआयसी बंद करू, तेवढेच पैसे व्याजाला होतील. बचत ११,००० आहे. घराचे व्हेंट, गटर आणि कुंपण बदलण्याचं ९,४०० चं कोटेशन तसंच पडून आहे. काय करावं?

उत्तर: डीआयसी बंद करू नका. बाकी सगळ्यावर बोलता येईल, यावर नाही.

फेअर प्लॅन म्हणजे इतर कोणी विमा देईना तेव्हाचा शेवटचा दरवाजा. आग, वीज पडणं, धूर, घरातला स्फोट एवढंच तो बघतो. चोरी नाही, फुटलेला नळ नाही, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लायबिलिटी नाही. तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर फेअर प्लॅन एक डॉलरही देत नाही. तुमच्याकडे नेमक्या तशाच दोन गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियात कुत्रा चावला तर ‘याआधी कधी चावला नव्हता’ हा बचाव चालत नाही, मालक थेट जबाबदार असतो. आणि निष्काळजीपणामुळे तुमच्या आवारातली आग बाहेर पसरली, तर शेजाऱ्यांच्या नुकसानीसोबत आग विझवण्याचा खर्चही सरकार तुमच्याकडून वसूल करू शकतं. हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या कलम १३००९ मध्ये तशी तरतूद आहे. पोलॉक पाइन्सच्या पाइन झाडांखाली डेकवर ग्रिल पेटवताना हे कलम माहीत असलेलं बरं.

हे भोक बुजवते ती डीआयसी. पण तिचीही कागदपत्रं आज काढून वाचा. सगळ्या डीआयसींमध्ये लायबिलिटी असतेच असं नाही. असली तरी काहींमध्ये कुत्र्यांच्या ठरावीक जाती वगळलेल्या असतात. अर्जात कुत्र्याबद्दल विचारलं असेल तर पार्सलवाल्याचा प्रसंग लपवू नका. खोटी माहिती दिली म्हणून ऐन दाव्याच्या वेळी पॉलिसी रद्द होऊ शकते. लायबिलिटी असेल तर तिच्यावर अम्ब्रेला पॉलिसीचं (लायबिलिटीची मर्यादा संपल्यावर पुढचं भरणाऱ्या जादा विम्याचं) कोटेशन मागा आणि आग विझवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या. (हप्ता वाचवायला कुत्रा परत शेल्टरला द्यावा का, असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतं तरी मी तो हिशेब मांडला नसता.)

आता ३८,००० डॉलर. ८.५ टक्क्यांनी नुसतं व्याज वर्षाला ३,२३० होतं, महिन्याला साधारण २७०, आणि दर बदलता असल्यामुळे उद्या तो वरही जाईल. डीआयसी बंद केली तरी त्यातलं निम्मंसुद्धा निघत नाही. शिवाय नवा पर्गोला आणि ओटा तुमच्या आताच्या विम्यात आपोआप बसेल असं धरू नका, त्यासाठी मर्यादा वाढवावी लागेल आणि हप्ताही. घर विकताना बाहेरच्या स्वयंपाकघराचे पूर्ण पैसे क्वचितच सुटतात. तुमच्या भागात घेणारा आधी विचारतो, ‘या घराला विमा कोण देतं आणि केवढ्याला?’ विम्याशिवाय बँक त्याला कर्ज देणार नाही.

माझा कौल त्या पडून असलेल्या ९,४०० च्या कोटेशनला. वणव्यात बहुतेक घरांना ज्वाळा येऊन भिडत नाहीत. वाऱ्याबरोबर पुढे उडत आलेले निखारे पोटमाळ्याच्या व्हेंटमधून आत शिरतात, गटरमधल्या पाइनच्या सुकलेल्या सुयांवर पडतात, नाहीतर भिंतीला टेकलेल्या लाकडी कुंपणाला धरतात. म्हणून बारीक जाळीचे व्हेंट, झाकलेली गटरं आणि घराच्या भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत जळण्यासारखं काही नाही, हा खर्च आधी. डेकच्या डोक्यावर लाकडी पर्गोला म्हणजे याच्या बरोबर उलटं काम. २०२२ च्या नियमानुसार अशा कामांसाठी विमा कंपन्यांना हप्त्यात सूट द्यावी लागते आणि फेअर प्लॅनही देतो. पण सूट लहान असते, तिच्यातून ९,४०० वसूल होतील अशी आशा ठेवू नका. घर उभं राहण्याची शक्यता वाढते आणि कधीतरी नेहमीच्या कंपनीकडे परतायला दार किलकिलं होतं, एवढ्यासाठी हे करायचं.

हे काम बचतीतून करू नका. तेवढेच हेलॉकमधून काढा, व्याज महिन्याला साधारण ६७ डॉलर पडेल. ग्रिलसाठी जे २७० द्यायला तयार होतात, त्यातले उरलेले २०० दर महिन्याला बचतीत टाका. ११,००० ही रक्कम मला कमी वाटते. डिडक्टिबल (दाव्यातला आपण स्वतः सोसायचा वाटा) भरायचं, कुत्री ठेवू देणारं हॉटेल बघायचं, वर हप्ता वाढतोय. जानेवारी २०२५ मधल्या लॉस एंजेलिसच्या आगींनंतर फेअर प्लॅनला दावे भागवण्यासाठी विमा कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर गोळा करावे लागले, तेव्हा हा हप्ता स्वस्त होईल या भ्रमात राहू नका. उरलेल्या हेलॉकलाही आणीबाणीचा निधी समजू नका. बँक तो गोठवू शकते, आणि घरच गेलं तर तारणही गेलं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि मला तीच जास्त सतावते. ऑगस्ट ते ऑक्टोबर तुम्ही दोघं दिवसभर फॉल्समला, घरी गाडी न चालवणारे सासू-सासरे (असं मी धरतोय) आणि दोन कुत्री. दुपारी घर रिकामं करायचा आदेश आला तर हायवे ५० वरून तुम्हाला वर सोडतीलच असं नाही. शेजारी किंवा कुत्री सांभाळणारं कोणी आधी ठरवा, लागले तर दरमहा पैसे द्या. त्या तीन महिन्यांत एकाने आळीपाळीने घरून काम केलं तर आणखी उत्तम. कुत्र्यांची मायक्रोचिप आणि तिच्यावरचा फोन नंबर तपासा, लसींचे कागद गाडीत ठेवा. सासू-सासऱ्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढताना दमा-खोकल्याचं जुनं दुखणं त्यात धरलं जातं का ते बघा, धुराचे दिवस त्याच काळात येतात.

ग्रिल हवंच असेल तर काहीशे डॉलरचं, चाकांवरचं घ्या. डेकवर नको. घर, कुंपण आणि झाडांपासून किमान दहा फूट दूर, खडीवर, डोक्यावर फांदी नसेल अशा जागी ठेवा. वांगी तिथेही छान भाजली जातात. रेड फ्लॅग वॉर्निंग (वारा आणि कोरड्या हवेमुळे वणव्याचा धोका असल्याचा इशारा) असेल त्या दिवशी पेटवायचं नाही. आणि दाणे खाल्लेली कणसं कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. ती आतड्यात अडकली की ऑपरेशनचं बिल हजारो डॉलरचं येतं.

पर्गोल्याचा विषय पुढच्या वर्षी काढा, तोही लाकडाऐवजी धातूचा. तोपर्यंत बचत १५,००० च्या वर गेली नसेल तर तेव्हाही माझं उत्तर ‘नाही’ असेल.