बेस ड्रमसाठी डीडब्ल्यू ५००० पेडल घ्यावं की टामा आयर्न कोब्रा?

मजबुतीला दोन्ही तोडीस तोड आहेत. खरा फरक पायाला कळतो. डीडब्ल्यू ५००० च्या टर्बो प्रकारात साखळीचं चाक गोल असतं, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाल एकसारखी लागते. आयर्न कोब्राच्या पॉवर ग्लाइड प्रकारात कॅम, म्हणजे तेच चाक, गोल नाही. बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा दांडा, ड्रमजवळ येता येता वेग घेतो आणि ठोका दणदणीत बसतो. रॉकसाठी झकास! पण हळू आवाजात वाजवताना ताबा टर्बोवर जास्त राहतो, म्हणून माझं मत टर्बोलाच. अर्थात, कोब्रातही गोल कॅमचं रोलिंग ग्लाइड मिळतं आणि डीडब्ल्यूचं अ‍ॅक्सेलरेटर गोल चाकाचं नाही. तेव्हा नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका.

दुकानात दोन्हींची स्प्रिंग सारख्याच ताणावर आणा, बीटरही एकच लावा, नाहीतर तुलना फसवी होते. बीटर हाताने मागे ओढून सोडून द्या. तो बराच वेळ झुलत राहिला पाहिजे. चटकन थांबला तर बेअरिंग अडतंय. सेकंडहँड घेत असाल तर फूटबोर्ड (पाय ठेवायची पट्टी) धरून डावीउजवीकडे हलवा. टाचेजवळची बिजागरी खुळखुळत असेल तर सरळ दुसरं बघा.